गांजाला परवाना द्यावा काय?

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले की अंगणात कारीट पायाखाली फोडायचे, त्याची कडू चव जिभेच्या टोकाला लावायची आणि मगच फराळाकडे वळायचे, ही रीत अजून पुष्कळ घरांतून पाळली जाते. प्रस्तुत लेखाकडे वाचकांनी असेच पाहावे. चिरोटे आणि कडबोळी पुढल्या पानांवर आहेतच. त्याआधी हे एवढे कारीट सोसावे.

विषय गांजाचा आहे. या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार काय, असे कोणी विचारील. मी वैद्य नाही, समाजसुधारक नाही, आणि चिलीम तर आयुष्यात कधी हातात धरलेली नाही. एका जिल्ह्याच्या गावी फौजदारी न्यायालयात मी एकतीस वर्षे कारकुनी केली. गांजाच्या खटल्यांचे कागद माझ्या हातांखालून गेले, आणि गांजाने घातलेला घाव माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात मी पाहिला. या दोन्ही अनुभवांनी माझे जे मत बनले ते ना बंदीवाल्यांना पूर्ण रुचणारे आहे, ना परवानावाल्यांना. पण ते मांडायला हवे असे वाटते. कारण अलीकडे परदेशांतून याबाबत रोज नव्या बातम्या येतात, कॉलेजात जाणारी मुले जेवणाच्या पानावर त्या आपल्याला ऐकवतात, आणि आपल्याजवळ उत्तर म्हणून 'शिव शिव!' याखेरीज काहीच नसते.

एकाच झाडाची तीन लेकरे

आधी वस्तू नीट ओळखून घेऊ. भांग, गांजा आणि चरस ही एकाच झाडाची तीन लेकरे. भांग म्हणजे पाने, गांजा म्हणजे मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, आणि चरस म्हणजे त्याच झाडाचा राळेसारखा चिकट रस. गांजा पिकवणारा शेतकरी शेतातली नर झाडे हुडकून उपटून टाकतो; मग मादी फुलात बी धरत नाही आणि राळ भरपूर सुटते. या राळेत नशा आणणारे जे द्रव्य असते त्याला टीएचसी म्हणतात. १९६४ साली इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी या दोघा शास्त्रज्ञांनी ते वेगळे काढून त्याची रचना सांगितली.

झाडाची ओळख मात्र आपल्याला फार जुनी. अथर्ववेदात भंगाचे नाव येते. आयुर्वेदात ती 'विजया' या भारदस्त नावाने वावरते. १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने येथल्या औषधींबरोबर भांगेवरही एक प्रकरण लिहिले. कुमाऊँच्या डोंगरात याच झाडाच्या बियांची चटणी घरोघर वाटतात, आणि तिने कोणाला नशा येत नाही. तेव्हा झाड परके नव्हे, आणि ते मुळापासून वाईटही नव्हे.

आता कायद्याची गंमत पाहा. १९८५ चा अमली पदार्थविरोधी केंद्रीय कायदा, ज्याला सगळे 'एन्‌डीपीएस' म्हणतात, तो शेंड्यांना गुन्हेगार ठरवतो आणि शेंड्यांवाचूनच्या पानांना सोडून देतो. म्हणून काशीला किंवा जैसलमेरला भांगेचे सरकारमान्य दुकान दिसते आणि तिथून चार पावलांवर गांजाची पुडी सापडली तर माणसाच्या हातात बेड्या पडतात. आपल्या महाराष्ट्रात भांगेलाही १९४९ च्या दारूबंदी कायद्याचा फास आहे, ती गोष्ट वेगळी. सिंहस्थात नाशिक-त्र्यंबकला चिलमीचा धूर सोडणारे साधू आपण सर्वांनी पाहिले आहेत. तोच धूर एखाद्या हमालाने बाजार समितीच्या भिंतीआड सोडला की त्याचा पंचनामा होतो. भगव्या वस्त्राला धूर माफ, गोणपाटाला नाही!

शंभर वर्षांपूर्वीची चौकशी

गांजाने माणूस वेडा होतो काय, हा प्रश्न आजचा नाही. १८९३ साली विलायतेच्या पार्लमेंटात केन नावाच्या सभासदाने तो उपस्थित केला आणि हिंदुस्थान सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. मॅकवर्थ यंग हे अध्यक्ष, एकूण सात सभासद, त्यांत तीन हिंदी. समितीने देशभर हिंडून अकराशेहून अधिक साक्षी घेतल्या आणि १८९४ साली तीन हजारांवर पृष्ठांचा अहवाल सादर केला. त्या काळी आपल्या मुंबई इलाख्यात नगर जिल्ह्यात गांजाचे पीक राजरोस निघत असे.

माझ्यासारख्या कारकुनाला या अहवालातला सर्वांत मौजेचा भाग वाटतो तो वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदवह्यांचा. १८९२ साली अशा इस्पितळांत १३४४ रोगी दाखल झाले होते, आणि पुष्कळांच्या नावापुढे वेडाचे कारण म्हणून 'गांजा' असे लिहिलेले होते. समितीने एकेका रोग्याची पाळेमुळे खणून काढली, तेव्हा गांजाशी खरोखर संबंध जोडता येईल असे अवघे ९८ निघाले. मग बाकीच्यांपुढे गांजा आला कुठून? तर पोलिसांनी रोगी आणून सोडला की सोबतच्या कागदात 'वेडाचे कारण' असा एक रकाना असे. रकाना कोरा ठेवला तर वरचा साहेब ओरडणार. मग कुणीतरी झोकून द्यायचे 'गांजा'! रकाना भरला, कागद पुढे सरकला. एकतीस वर्षे रकाने भरलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. नवल वाटते ते समितीने तो रकाना पारखून पाहिला याचे.

समितीचा निष्कर्ष असा : बेताने घेणारे बहुसंख्य आहेत आणि त्यांना विशेष अपाय होत नाही, अतिरेक करणारे थोडे आहेत आणि त्यांना अपाय होतो, म्हणून सरसकट बंदी आवश्यक नाही आणि शहाणपणाचीही नाही. सरकारने लागवडीवर मर्यादा घालावी, कर बसवावा, दुकाने मोजकी ठेवावी. स्वातंत्र्यानंतरही अनेक राज्यांत हीच पद्धत थोड्याफार फरकाने चालू होती.

मग बदलले काय? १९६१ साली न्यूयॉर्कला अमली पदार्थांबाबत आंतरराष्ट्रीय करार झाला. आपणही त्यात सामील झालो, पण औषधाव्यतिरिक्तचा गांजाचा वापर थांबवण्यासाठी पंचवीस वर्षांची सवड घेतली. करार अमलात आला १९६४ च्या डिसेंबरात. सवडीची मुदत सरत आली, तशात मुंबईत 'गर्द'ने थैमान घातले, आणि १९८५ साली संसदेने नवा कायदा मंजूर केला. १४ नोव्हेंबर १९८५ पासून तो लागू आहे. हे सारे अमेरिकेच्या दबावामुळे झाले असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. असेलही, पण करारावर सही आपलीच होती.

कबूल आहे, साहेब

आता मी जे डोळ्यांनी पाहिले ते सांगतो.

या कायद्यात मालाच्या वजनावर शिक्षा ठरते. एक किलोपर्यंतचा गांजा म्हणजे 'अल्प प्रमाण' : एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वीस किलोंच्या वर 'व्यापारी प्रमाण' : दहा ते वीस वर्षे आणि किमान एक लाख दंड. नुसते ओढताना सापडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड.

वाचकांची कल्पना अशी असते की या कायद्याखाली टोळ्यांचे म्होरके पिंजऱ्यात उभे राहत असतील. राहतात, पण क्वचित. आमच्याकडे रोज उभी राहायची ती चिलीमवाली माणसे : हातगाडी ओढणारा, गटारे उपसणारा, रात्रपाळीचा पहारेकरी, पुलाखाली निजणारा कोणी अनामिक. आरोप वाचून दाखवला जाई. 'गुन्हा कबूल आहे का?' 'कबूल आहे, साहेब.' खटला लढवायचा तर वकील हवा, तारखा हव्यात, तारखेगणिक रोजगार बुडणार. त्यापेक्षा कबुली स्वस्त. काही शे रुपये दंड आणि 'कोर्ट उठेपर्यंत शिक्षा'. म्हणजे त्या माणसाने संध्याकाळपर्यंत कोर्टाच्या आवारात बसून राहायचे आणि कोर्ट उठले की घरी जायचे. घरी जाताना वाटेत तो काय करीत असेल, हे सांगायला ज्योतिषी नको. चार महिन्यांनी तोच चेहरा पुन्हा समोर उभा!

हा केवळ माझ्या गावचा अनुभव नव्हे. मुंबईतल्या दंडाधिकाऱ्यांसमोर निकाली निघालेल्या अशा खटल्यांचा एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यातही जवळजवळ सगळे खटले सेवनाचे आणि त्यांतले बहुसंख्य गांजाचेच असल्याचे आढळले.

आणि दंड भरून सुटका झाली असे कोणी समजू नये. मला एक पोरगा आठवतो. बारावी झालेला, पोलिस भरतीसाठी पहाटे उठून धावणारा. मित्रांच्या कोंडाळ्यात सापडला. बापाने 'कबूल म्हण आणि मोकळा हो' असा सल्ला दिला, आणि पोरगा दोनशे रुपये भरून मोकळा झाला. पुढे अर्जात रकाना आला : 'आपणांस कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झाली आहे काय?' चारित्र्य पडताळणीत जुना कागद वर आला आणि त्याची सरकारी नोकरी गेली ती कायमची. त्याचा बाप माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "भाऊसाहेब, दोनशे रुपयांची पावती तेवढी खोडता येईल का हो?" मी काय सांगणार? न्यायालयाच्या वहीत खोडरबर नसते.

त्या पोराने चूक केली नाही असे मी म्हणत नाही. पण चुकीला काही माप असावे की नाही? दारू पिऊन रस्त्यात लोळणाऱ्याचा दुसऱ्या दिवशी कोणी रकाना भरीत नाही.

बहिणीच्या घरी

एवढे वाचून वाचक म्हणतील, हा गृहस्थ गांजाची दुकाने उघडा म्हणणार. थांबा. आता ताटाची दुसरी बाजू.

माझा भाचा मोठ्या शहरात अभियांत्रिकीला होता. हुशार, अबोल, बुद्धिबळाचा शौकीन. दुसऱ्या वर्षी वसतिगृहात त्याला गांजाची सवय लागली. आधी शनिवारी, मग रोज. तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत घरी आला तेव्हा त्याने आपल्या खोलीतल्या विजेच्या बटणांवर कागद चिकटवले. भिंतीतून कोणी आपले बोलणे ऐकते, असे त्याला वाटू लागले होते. रात्र रात्र जागा. आईने वाढलेल्या ताटाचा आधी वास घ्यायचा आणि मग ते दूर सारायचे. ज्या आईने नवसाने पोर मिळवले, तिच्याकडे तो परक्यासारखा पाहू लागला.

बहिणीने आणि मेहुण्यांनी ही गोष्ट आठ महिने दाबून ठेवली. अंगारे झाले, धुपारे झाले, गाणगापूर झाले. डॉक्टरकडे मात्र नेले नाही. का? तर डॉक्टर विचारणार, पोराला गांजाचे नाव सांगावे लागणार, डॉक्टर पोलिसांना कळवणार आणि पोराला धरून नेणार! आणि मला का सांगितले नाही? बहिणीचे उत्तर ऐकून मी सुन्न झालो. ती म्हणाली, "दादा, तू कोर्टातला. तुझ्या कानावर घालायची भीती वाटली."

वस्तुतः ही भीती निराधार होती. रुग्णाची माहिती गुप्त राहण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला आहे, आणि व्यसनामुळे होणारे मनाचे विकारही त्या कायद्याच्या कक्षेत येतात. खुद्द १९८५ च्या कायद्यातही चौसष्ट-अ असे एक कलम आहे : अल्प प्रमाणातल्या गुन्ह्यात किंवा सेवनाबद्दल सापडलेला व्यसनी माणूस आपण होऊन सरकारमान्य केंद्रात उपचार घेईल, तर त्याच्यावर खटला चालवू नये. पण हे कलम ठाऊक आहे किती जणांना? एकतीस वर्षांत त्याचा आधार घेतलेला मला एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाही आढळला नाही. लोकांना बेडी ठाऊक आहे, दवाखान्याचे दार ठाऊक नाही.

अखेर भाच्याला मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. डॉक्टरांनी सरळ सांगितले, की गांजा नसता तर आजार झालाच नसता असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. काही जणांच्या प्रकृतीतच त्याचे बीज असते. परंतु कोवळ्या वयात, रोजच्या रोज आणि जहाल गांजा ओढणाऱ्यांत हा विकार उघडपणे अधिक दिसतो, आणि उपचार जितके लवकर तितके बरे. आठ महिने गेले होते. आज तो औषधे घेतो, चिलमीला शिवत नाही, गावातल्या मुलांना गणित शिकवतो. अभियंता मात्र तो झाला नाही. बुद्धिबळाचा पटही त्याने पुन्हा मांडला नाही.

आजचा गांजा आणि कालचा गांजा

जुन्या समितीचा दाखला देऊन 'बेताने घेतल्यास अपाय नाही' असे म्हणणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की तो गांजा आणि आजचा गांजा एक नव्हे. अमेरिकेत जप्त केलेल्या मालाची तपासणी वर्षानुवर्षे होत आली आहे. १९९५ साली त्यात टीएचसी सुमारे चार टक्के असे. २०१४ साली ते प्रमाण बारा टक्क्यांवर गेले. निवडक बियाणे, बंदिस्त खोलीत दिव्याखाली काढलेले पीक आणि अर्क यांमुळे त्याचा जोर वाढतच आहे. ताडीच्या पेल्याचा अनुभव घेऊन कोणी पहिल्या धारेच्या दारूबद्दल मत देऊ लागला तर आपण हसू. माणसाचा मेंदूही पंचविशीपर्यंत घडत असतो, असे आज शास्त्र सांगते.

'गांजाची सवय लागत नाही' हेही खरे नाही. एकदा चाखून पाहणाऱ्यांपैकी सुमारे अकरांत एकाला ते व्यसन जडते, असा जुना अंदाज आहे. दारू-तंबाखूच्या मानाने हे प्रमाण कमी खरे. पण तो अकरावा आपल्या घरचा निघाला की टक्केवारीने समाधान होत नाही.

आपल्या देशाचे चित्रही पाहावे. केंद्र सरकारने दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेली पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीप्रमाणे वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेले लोक सुमारे तीन कोटी दहा लाख. त्यांत भांगवाले अधिक. गांजा-चरसवाले सुमारे एक कोटी तीस लाख. दारू पिणारे मात्र सोळा कोटी! गांजा आणि त्याच्या भावंडांमुळे ज्यांना मदतीची गरज आहे असे सुमारे बहात्तर लाख, तर दारूमुळे पावणेसहा कोटींच्या घरात. यावरून दोन अर्थ निघतात. परवानावाला म्हणतो, 'दारू चालते, मग गांजा का नको?' मी उलटे विचारतो, 'दारूचे दुकान उघडल्यावर हे झाले, आता दुसरे दुकान कशाला?'

परक्यांची उदाहरणे

परदेशांत काय चालले आहे ते नीट पाहिले, तर तिथेही एक वाट नाही. हॉलंडने १९७६ पासून ठरावीक दुकानांतून अल्प विक्रीकडे काणाडोळा केला. पोर्तुगालने २००१ साली स्वतःपुरते जवळ बाळगणे हा फौजदारी गुन्हा राहू दिला नाही. सापडलेल्या माणसाला न्यायाधीशापुढे नव्हे, तर समुपदेशकांच्या मंडळापुढे पाठवायला सुरुवात केली. उरुग्वेने २०१३ साली सरकारी देखरेखीखाली विक्रीचा कायदा केला. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत १ जानेवारी २०१४ पासून दुकाने उघडली. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून देशभर परवानगी दिली. जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून प्रौढांना पंचवीस ग्रॅम बाळगण्याची आणि घरी तीन झाडे लावण्याची मुभा दिली.

कॅनडात पूर्वीसारखी धरपकड उरली नाही, चोरटा बाजार आटला. पण गांजा घातलेल्या गोळ्या-बिस्किटांना खाऊ समजून खाल्लेली लहान मुले इस्पितळात येण्याचे प्रमाण वाढले. थायलंडची कथा तर बोलकी आहे. २०२२ च्या जूनमध्ये त्यांनी गांजा बंदीच्या यादीतून काढला. नियम करायचे मागे राहिले आणि दुकाने आधी उघडली. तीन वर्षांत गल्लोगल्ली पाट्या लागल्या. २०२५ च्या जूनमध्ये सरकारला पुन्हा 'वैद्याची चिठ्ठी आणा' असे म्हणावे लागले. उघडलेले दुकान बंद करणे किती अवघड, हे आपल्याला थायलंडने शिकवण्याची गरज नाही. चंद्रपूरची दारूबंदी २०१५ साली झाली आणि २०२१ साली उठली. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे. शाळेच्या कोपऱ्यावरच्या टपरीत तो मिळतो की नाही, हे वाचकांनी आपल्या मुलांनाच विचारावे.

इथे बंदीवाल्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : कागदावरच्या बंदीने वस्तू नाहीशी होत नाही. आणि परवानावाल्यांनी दुसरी : दुकान उघडले की त्यामागे भांडवल येते, जाहिरात येते, आणि अबकारीच्या उत्पन्नाची सरकारलाच चटक लागते. गिऱ्हाइकाचे व्यसन सुटेल, तिजोरीचे सुटणे कठीण.

मग माझे म्हणणे काय?

माझे मत चार कलमांत सांगतो.

पहिले : स्वतःपुरता गांजा जवळ सापडला किंवा ओढताना कोणी आढळला, तर तो फौजदारी गुन्हा असू नये. वाहतुकीचा नियम मोडल्यास होतो तसा साधा दंड व्हावा आणि समुपदेशकाची एक भेट सक्तीची असावी. त्याची नोंद चारित्र्याच्या दाखल्यावर येऊ नये. ज्यांना पूर्वी अशा किरकोळ शिक्षा झाल्या त्यांचे कागदही पुसले जावेत. न्यायालयाच्या वहीला खोडरबर नसेल, पण संसदेजवळ लेखणी आहे.

दुसरे : विक्रीला परवाना नको. अल्पवयीन मुलांना गांजा विकणाऱ्याला तर मुळीच दयामाया नको. पोलिसांचा जो वेळ चिलीमवाल्यांचे पंचनामे करण्यात जातो, तो या माणसामागे लावावा.

तिसरे : औषध आणि शेती यांची वाट मोकळी करावी. याच झाडातल्या सीबीडी नावाच्या द्रव्यापासून केलेले औषध मुलांमधल्या दुर्मिळ, हट्टी अपस्माराच्या झटक्यांवर उपयोगी पडते म्हणून अमेरिकेच्या औषध खात्याने २०१८ साली मान्य केले. २०२० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत कडक यादीतून २७ विरुद्ध २५ मतांनी बाहेर काढले, तेव्हा भारताचे मत बाहेर काढण्याच्या बाजूने पडले होते. धाग्यासाठी आणि बियांसाठी, नशा न आणणाऱ्या वाणाची लागवड करू देण्याचा अधिकार १९८५ च्या कायद्यानेच राज्यांना दिलेला आहे. उत्तराखंडाने २०१८ साली तो वापरला. झाडावर राग धरण्यात अर्थ नाही.

चौथे, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत निकडीचे : दवाखान्याचे दार लोकांना दिसले पाहिजे. गर्दच्या त्या काळ्या दिवसांत पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली 'मुक्तांगण' उभे केले, त्याला पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात दिला. व्यसनी माणसाला गुन्हेगार न म्हणता 'आजारी' म्हणायला महाराष्ट्र तिथे शिकला. अशी केंद्रे प्रत्येक जिल्ह्यात हवीत, आणि चौसष्ट-अ हे कलम पोलिस ठाण्याच्या आणि महाविद्यालयाच्या भिंतीवर ठळक मराठीत लावायला हवे.

यावर एक आक्षेप येईल : शिक्षेची भीती गेली तर पोरे मोकाट सुटतील. पण ती भीती आज कोणाला आहे? हमालाला नाही, तो दर चार महिन्यांनी कोर्टात येतोच. सधन घरच्या पोराला नाही. त्याचा वकील तयार असतो. भीती आहे ती मधल्या घराला, अब्रू सांभाळून राहणाऱ्याला. आणि ती भीती त्याला गांजापासून दूर ठेवीत नाही, डॉक्टरपासून दूर ठेवते. माझ्या बहिणीच्या घरी तेच झाले.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर आईबापांनी एवढे करावे. मुलाने गांजाबद्दल काही विचारले तर 'शिव शिव' म्हणून विषय तोडू नये. 'एका झुरक्याने वेडा होशील' असेही सांगू नये. त्याचे मित्र वेडे झालेले नसतात, आणि मग आपले खरे बोलणेही त्याला खोटे वाटते. जे खरे आहे तेच सांगावे : या वयात, या जहाल मालाने काहींचे कायमचे नुकसान होते, आणि ते काही कोण हे आधी कळत नाही. घराण्यात कोणाला मनाचा आजार झाला असेल तर तेही त्याला सांगावे, लपवू नये. पुन्हा पुन्हा रात्र जागून काढणे, संशय, अभ्यासातून आणि आवडत्या छंदातून मन उडणे, ही लक्षणे दिसली तर अंगारा नंतर लावा, आधी डॉक्टर गाठा.

दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृहातली मुले घरी आली असतील. चिवड्याचा डबा पुढे ठेवून त्यांच्याशी या विषयावर अवश्य बोलावे. त्यांनी एखादी गोष्ट कबूल केली तर लगेच आवाज चढवू नये. 'कबूल आहे' असे म्हणणारी पुष्कळ माणसे मी पाहिली. त्यांचे पुढचे वाक्य ऐकून घ्यायला मात्र कोणाला सवड नव्हती. घरी ती सवड असावी.